ओट्यामागची काळी पट्टी

मी एक जुनी, काळ्या दगडाची पट्टी आहे. ओट्यावर सांडलेलं पाणी भिंतीत मुरू नये म्हणून मागे चार बोटं उंच पट्टी बसवतात ना मित्रांनो, ती मी. सध्या गॅलरीत कुंड्यांखाली पडून असते.

मला बसवताना गवंड्याच्या हातून माझ्या वरच्या कडेचा टवका उडाला. "कुणाच्या लक्षातही येणार नाही," म्हणून त्याने वेळ मारून नेली. मी मनातून खट्टू झाले. पण पुढे तोच टवका आत्यांच्या कामी आला.

आत्या म्हणजे घरमालकाची आत्या. त्यांनी लग्न केलं नाही. आधी भावाकडे राहिल्या, तो गेल्यावर भाच्याच्या संसारात. स्वयंपाकघर त्यांचंच. गेली दोन-तीन वर्षं त्यांना नीट दिसेनासं झालं होतं, पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला ठाऊक होतं, कारण त्यांची बोटं माझ्यावरून चालत. टवका लागला की शेगडी, मी संपले की मिठाचा डबा. सगळं इतकं चोख व्हायचं की शंका यायचं कारणच नव्हतं.

मग भिंतीला रंगीत काच लावायचं ठरलं. भाच्याच्या बायकोने हौसेने दुकानातून दोन नमुने आणले. सगळं घर बघायला जमलं.

"आत्या, इथे वावर तुमचा. तुम्हीच सांगा, कुठला रंग घेऊ?"

आत्यांनी दोन्हींवरून हात फिरवला. "दोन्ही छान आहेत गं. तुला आवडेल तो घे."

"आणि ही पट्टी काढून टाकू ना? काच थेट ओट्यापर्यंत येईल."

आत्यांचं बोट टवक्यावरच होतं. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी वाचले असते.

"काढा की. जुनीच झालीये."

मला त्यांचा राग आला. नंतर उमगलं. पट्टी हवी म्हटलं असतं तर का हवी तेही सांगावं लागलं असतं. स्वयंपाक हातून गेला तर या घरात आपण कोण, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती.

छिन्नी लागली आणि मी अखंड निघाले. "माल चांगला होता," कारागीर म्हणाला, आणि मी खुळी, तेवढ्यानेच सुखावले. त्याची मला आजही लाज वाटते.

नवी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत. बोटाला काही लागतच नाही. आठवड्याच्या आत आत्यांनी दुधाचं तापलेलं पातेलं ओट्याच्या कडेवर टेकवलं. ते कलंडून त्यांचा पाय भाजला.

"आत्या, लक्ष कुठे असतं तुझं?" भाचा म्हणाला.

"कंटाळा आला रे आता. करू दे तिला." सगळ्यांना ते पटलं.

आता त्या दिवसभर गॅलरीत, माझ्याशेजारी बसतात. पाय बरा झालाय. डोळे मात्र अजून कुणी तपासून आणलेले नाहीत.

मित्रांनो, घर नवं करताना घरातल्या माणसांना रंग जरूर विचारा. पण ते उत्तर देत असताना त्यांच्याकडेही बघा. त्या दिवशी सगळे काचेकडे बघत होते.