चमचाभर पंचामृत

गर्भाशय काढायचं ठरलं तेव्हा मी रडले नाही. दोन पोरं झाली, त्याचं काम संपलं, आता ते नुसतं रक्त सांडत होतं. दोन वर्षं सांडलं. महिन्यातले पंधरा दिवस मी चादरी धुण्यात घालवले आणि उरलेले पंधरा चक्कर येऊन भिंती धरण्यात. हिमोग्लोबिन सहावर आलं तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या आणि मग गुरुवारची सकाळ दिली. त्या दवाखान्यात त्या फक्त गुरुवारीच ऑपरेशनं करत.

दवाखान्यात माझ्या वतीनं बोलायचं काम आमच्या ह्यांनी अंगावर घेतलं होतं. ह्यांचं नाव गुरुशांत, मंद्रूपला कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला तोंड उघडू न देता साडी खपवायची सवय. पाळी कधी आली, किती दिवस टिकली, पोटात कुठे दुखतं, सगळी उत्तरं हेच द्यायचे. तारखा चुकायच्या, पण सांगायचे इतक्या ठामपणे की डॉक्टरही लिहून घ्यायच्या. मी दुरुस्त करत नसे. शेजारणीच्या दुखण्याची चौकशी चाललीय, अशा थाटात ऐकत बसायची.

बुधवारी सुकन्या सिस्टर सांगून गेली, रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही. माझ्या सासूबाईंनी, गंगम्मा अत्तींनी, जोरात मान डोलावली. पाण्याची बाटली उचलून त्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवली. एवढा पहारा तर बँकेतही नसेल.

गुरुवारी सकाळी सहाला हे चहाला खाली गेले. अत्तींनी बाकड्यावरच मांडी घातली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि पूजा केली. आम्ही लिंगायत, लिंगपूजेशिवाय आमच्या घरात दिवस सुरू होत नाही. मग त्यांनी मलाही उठवून पूजा करायला लावली आणि वाटीतलं चमचाभर पंचामृत माझ्या हातावर घातलं. वर केळ्याचे दोन काप.

“अत्ती, काही घ्यायचं नाही म्हणाल्यात.”

“प्रसाद अंद्र ऊट अल्ल,” त्या कानडीत म्हणाल्या. प्रसाद म्हणजे जेवण नव्हे. मग मराठीत दटावलं, “ह्याला कोण खाणं म्हणतंय? आज तर घ्यायलाच पायजे की.”

मी घेतलं. पंचेचाळीस वर्षांत मला तरी कुठे वाटलं होतं की प्रसाद पोटात जातो?

नऊ वाजता स्ट्रेचरवरून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टर चेतना तिथे माझे कागद घेऊन उभ्या होत्या.

“सकाळपासून काही खाल्लं, प्यायलं?”

“न्हाय मॅडम,” हे म्हणाले. “काल रातच्यापास्नं थेंब न्हाय.”

“मी त्यांना विचारतेय.” त्या माझ्याकडे वाकल्या. “भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून विचारते. अगदी घोटभरसुद्धा?”

हे माझ्याकडे बघत होते, त्यांच्या मागे अत्ती. सांगितलं तर अत्तींचं नाव चारचौघांत निघणार. गुरुवार हातचा जाणार, म्हणजे आणखी आठ दिवस चादरी. आणि केळ्याच्या दोन कापांनी कुणी मरतं का? मग वाटलं, मरत असेल तर? दोन वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली.

“घेतलंय,” मी म्हणाले. “सहाला. पंचामृत आणि केळं.”

“कुणी दिलं?” हे ओरडलेच.

“ते राहू द्या,” डॉक्टर चेतना म्हणाल्या. “दूध आहे, केळं आहे. दोनच्या आधी मी भूल देणार नाही. ऑपरेशन करणाऱ्या मॅडम थांबल्या तर आज, नाहीतर पुढचा गुरुवार.”

स्ट्रेचर उलटं फिरलं. खोलीत आल्यावर ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “जरा गप बसली असतीस तर आत्तापर्यंत निम्मं झालं असतं की! मला तोंडावर पाडलंस.” त्यांना तोंडावर पाडलं याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. अत्ती कोपऱ्यात बसून होत्या. त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नाही. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

बारा वाजता निरोप आला, डॉक्टरीणबाई थांबतायत. दोनला पुन्हा स्ट्रेचर निघालं. हे कागदावर सही करायला पुढे गेले होते. अत्ती स्ट्रेचरचा दांडा धरून बाजूनं चालत होत्या. दाराशी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

“राजी, मी दिलं हुतं म्हणूनच खरं सांगितलंस व्हय? माझं नाव घालवायला?”

“नाही, अत्ती,” मी म्हणाले. “मला मरायचं नव्हतं.”

बोलले आणि मला रडू फुटलं. थांबवायचा प्रयत्नही केला नाही. सुकन्या सिस्टर दार उघडून उभी होती. अत्तींनी दांड्यावरचा हात काढला, पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं.

“मी तरी तू जगावीस म्हणूनच दिलं हुतं की ग,” त्या म्हणाल्या.