अकिलाबाईंचा पहिला धडा

"बाई, हे आकडे का टाइप केलेत?"

प्रेरणाने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा होता. एकपासून थेट एकशे बारापर्यंत.

"कागदावर हायेत म्हणून," अकिलाबाई म्हणाल्या. "हाय तसं उतरायचं."

"आवो, ते ओळी मोजायला छापलेत. प्रोग्रामात नसतात ते."

भोरच्या टायपिंग क्लासमध्ये अकिलाबाई बावीस वर्षं शिकवत होत्या. २००८च्या मार्चअखेर क्लास बंद होणार होता. मालक सावळाराम यांनी तसं सांगून टाकलं होतं. भोंगवलीची प्रेरणा बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत. तिथे घरी बसून करण्यासारखं काम होतं, पण त्यासाठी फ्रेमवर्क यायला हवं. वेबसाइटचा तयार सांगाडा, आपण त्यात आपलं भरायचं, असं तिने समजावलं होतं. बाईंनी पहिला धडा चालवून दाखवला, तर ती तिथल्या साहेबांना त्यांचं नाव सांगणार होती. धड्याची छापील पानं तिनेच पाठवली होती. बाईंनी ती आठवडाभर, दुपारची बॅच सुटल्यावर टाइप केली. एक अक्षर चुकलं नव्हतं.

"एका टिंबापायी माझं आख्खं पान परत काढायला लावलं होतं तुमी," प्रेरणा हसली. "सरका, मी पुसते."

"हात लावू नको. माझी चूक, मीच पुसणार."

एकशे बारा आकडे पुसले. धडा चालवला, तरी लाल अक्षरांतली चूक आलीच. बाईंची नजर पुन्हा कागदाकडे गेली.

प्रेरणाने कागद उपडा घातला. "कळांकडं बघू नये म्हणून आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या ना तुमी? आता मी कागद झाकते. पडद्याकडं बघा. कुठं आडलंय ते तोच सांगतोय."

बाईंनी चष्मा सारखा केला. लाल ओळ एकेक शब्द लावत वाचली.

"सत्तेचाळिसाव्या ओळीपाशी कंस मिटला न्हाई म्हणतोय." त्यांनी ती ओळ शोधली. "आगं, आकड्यासंगं म्याच पुसला की."

कंस टाकला. पांढरं पान उघडलं. वर तीन रकाने: नाव, गाव, वेग. प्रेरणाने ते मुद्दाम क्लासच्या नोंदवहीसारखे ठेवले होते. नवा विद्यार्थी आला की बाई पहिल्या दिवशी त्याच्या वेगापुढे शून्य लिहीत, मग तो कुठूनही शिकून आलेला असो.

"उद्या साहेबांना सांगते," प्रेरणा म्हणाली. "भरा की एक नाव. माझं टाका, माझा वेग चाळीसचा होता."

"तुझं झालंय शिकून."

बाईंनी बोटं कळांवर ठेवली आणि नजर पडद्यावर. नाव, अकिला. गाव, भोर. तिसऱ्या रकान्यात त्यांनी शून्य टाकलं.

"बाई, तुमचा तर साठ हाय!"

"तो टायपिंगचा," बाई म्हणाल्या, आणि बटण दाबलं.

कोऱ्या पानावर पहिली ओळ उमटली.