ढिगातले दात

नावं लक्षात ठेवण्याच्या बाबतीत डॉक्टरांची पहिल्यापासून बोंब होती. दात मात्र ते जन्मात विसरत नसत. बाजारात कोणी हसून विचारपूस केली, की ते बायकोच्या कानाशी लागत, "ओळखलंस का? वरचा डावा सुळा आडवा होता, ती." बायको म्हणे, "त्या बाईंना आईबापांनी नावही ठेवलं असेल की." "असेल," डॉक्टर म्हणत, "पण सुळा कसा ओळीत बसलाय बघ."

वाकडे दात सरळ करणं हा त्यांचा व्यवसाय. तार लावून घ्यायला येणारी मुलं बहुधा तोंडावर हात धरूनच यायची. कोणाला वर्गात चिडवलेलं असायचं, कोणाला घरातच. डॉक्टर खुर्ची मागे कलती करायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "हात खाली घे, बघू." ते इतक्या मऊ आवाजात म्हणायचे, की हट्टी कार्टीसुद्धा मुकाट हात खाली घ्यायची. निम्मं काम तिथेच होतं, असं ते हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत.

त्यांची ही सरळ रेषेची हौस घराच्या फाटकाशी संपायची, कारण फाटकाच्या आत बायकोचं राज्य होतं. घरामागचं अंगण तिनं पाखरांना आणि किड्यामुंग्यांना आंदण दिलं होतं. गळलेली पानं झाडून टाकायची नाहीत, कोपऱ्यात ढीग करून ठेवायची. वठलेलं झाड पाडायचं नाही, त्यात सुतारपक्षी ढोली करतो. पाण्याच्या परातीत दगड ठेवायचे, नाहीतर मधमाश्या बुडतात. कुंपणाची झुडपं पिल्लं उडून जाईपर्यंत कापायची नाहीत, मग ती कितीही झिपरी दिसोत. ते कुंपण बघून डॉक्टरांचे हात शिवशिवायचे. "आमच्याकडे अंगण नाही, पाखरांची खानावळ आहे," असं ते पाहुण्यांना सांगत आणि बायको मोठ्यांदा हसायची. तेव्हा हसायची.

तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. त्या फटीतून ती शीळ घालायची. बारीक, लांब, शेवटी जरा वर जाणारी. शीळ ऐकली की पाखरं परातीवर उतरायची आणि लेक गल्लीच्या टोकाहून खेळ टाकून घरी यायची. लग्न ठरलं तेव्हा डॉक्टर नुकतेच शिकून बाहेर पडले होते, त्यामुळे फट त्यांच्या नजरेतून सुटली असेल असं कोणी म्हणू नये. दिसली होती. आवडलीही होती. पण एकदा आवडली आणि झालं. पुन्हा काही त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं नाही.

लेकीला आईचीच फट आली. तीही शीळ शिकत होती. बरीचशी जमली होती, फक्त शेवटी आवाज वर न्यायचं राहिलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं.

"राहू द्या की," बायको म्हणाली. "तिला कुठे काय त्रास होतोय?"

"दातांच्या डॉक्टरची पोरगी अशी हिंडली तर लोक मला हसतील," डॉक्टर म्हणाले.

लेकीला कोणी विचारलंच नाही. फट मिटली. ती पुन्हा उघडू नये म्हणून दातांच्या मागून बारीक तार चिकटवली गेली. काम इतकं देखणं झालं, की डॉक्टरांनी लेकीचे आधीचे आणि नंतरचे फोटो मोठे करून दवाखान्याच्या भिंतीवर लावले. नुसते ओठ आणि दात. पहिल्याखाली लिहिलं 'दोष', दुसऱ्याखाली 'दोष दूर झाल्यावर'.

बायको दुपारी डबा घेऊन यायची. त्या दिवशी ती त्या फोटोंसमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. मग "छान आलेत," म्हणाली आणि डबा ठेवून गेली. त्यानंतर ती हसताना तोंडावर हात धरू लागली. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही. शीळही ऐकू येईनाशी झाली. वय झालं, दम पुरत नसेल, असं ते धरून चालले. एकदा ते अवेळी घरी आले, तेव्हा फाटकापासून शीळ ऐकू आली होती. कडी वाजली आणि ती थांबली. पाखरू उडालं असेल, असं म्हणून ते आत गेले.

निवृत्त होताना दवाखान्याच्या माळ्यावरून दातांचे प्लास्टरचे साचे पोत्यांनी निघाले. तार लावण्याआधी प्रत्येक मुलाचे दात जसे होते तसे, हुबेहूब. डॉक्टर ते कचऱ्यात द्यायला निघाले होते. "कचऱ्यात कशाला?" बायको म्हणाली. "मागच्या भिंतीशी ढीग घाला. फटींतून बेडूक राहतील, सरडे राहतील." डॉक्टरांनी न बघता पोती ओतली. "जन्मभर मी राबलो आणि शेवटी भाडेकरू कोण, तर बेडूक," ते म्हणाले. ती खूप हसली, हाताआडून.

मागच्या वर्षी ती गेली. भिंतीवर लावायला तिचा एखादा चांगला फोटो शोधावा म्हणून डॉक्टर अल्बम घेऊन बसले. लग्नाच्या फोटोंत तिचे ओठ मिटलेले होते. लेक लहान असतानाच्या फोटोंत ती खाली वाकून लेकीकडे बघत होती. आणि नंतरच्या एकूणएक फोटोत, सहलीच्या, वाढदिवसाच्या, हसणारे डोळे आणि तोंडावर हात. सुरुवातीला त्यांना काही कळेना. मग पानं मागे मागे उलटत ते जिथे हात पहिल्यांदा दिसला तिथे पोचले. शेजारी तारा निघालेली लेक उभी होती, दात दाखवत. हजारो पोरांना म्हटलेलं ते एक वाक्य त्यांनी घरच्या माणसाला कधी म्हटलं नव्हतं. लोकांच्या तोंडावरचे हात त्यांना दारातूनच दिसायचे. हा हात रोज जेवायला समोर बसत होता.

तेव्हापासून त्यांनी अंगण मनावर घेतलं. ती असताना ज्या ज्या गोष्टींवरून त्यांनी तिची थट्टा केली होती, त्या एकेक आठवून पाळू लागले. परातीत दगड मांडले. कुंपणाला कात्री लावली नाही. पानांचा ढीग शेजाऱ्यांनी नाकं मुरडली तरी हलवला नाही. शीळ मात्र त्यांना येईना. त्यांचे स्वतःचे दात नको इतके सरळ होते. पाखरं यायची, पण आपल्या सवडीनं, कोणी न बोलावता.

लेक आली ती मनाशी ठरवूनच. दिलेलं पाणीही तिनं तसंच बाजूला ठेवलं.

"बाबा, माझ्या दातांमागची तार काढा. मला माझी फट परत हवी."

डॉक्टर बघतच राहिले. "आता? या वयात?"

"आईचं हसू आठवायला गेलं की मला नुसता हात आठवतो," लेक म्हणाली. "आरशात तरी दिसू दे. आणि दुसऱ्या कोणाकडे मी जाणार नाही. तुम्ही मिटवलीत, तुम्हीच उघडा."

"तार काढली म्हणून दात आपले आपण मागे जात नाहीत," डॉक्टर म्हणाले. "सगळं नव्यानं करावं लागेल. माझ्या विद्यार्थिनीच्या दवाखान्यात करता येईल, ती नाही म्हणायची नाही. पण किती उघडायची? माप हवं."

"तुम्हाला आठवत असेल की. तुम्हाला सगळ्या जगाचे दात पाठ आहेत."

डॉक्टरांनी डोळे मिटले. वरचा डावा सुळा आठवला. एकावर एक दात चढलेले जुळे भाऊ आठवले. लेकीची फट दोन मिलिमीटर होती की तीन, ते शपथेवर सांगता येईना. बायकोची तर नाहीच.

"भिंतीवरचे फोटो?" लेकीनं विचारलं.

"रंग उडाले होते. दवाखाना सोडताना मीच फाडून टाकले." डॉक्टर थांबले. "तुझा साचा होता," ते म्हणाले, आणि तो कुठे आहे हे आठवून त्यांचा चेहरा उतरला.

दोघं मागच्या भिंतीशी उकिडवी बसली. पावसानं प्लास्टर खात आणलं होतं. वरचे साचे चघळून टाकलेल्या गोळ्यांसारखे गुळगुळीत झाले होते. ज्या दातांपायी डॉक्टरांनी उमेदीची वर्षं घातली, ते वाकडे कुठले आणि सरळ कुठले हे आता त्यांनाही ओळखू आलं नसतं. लेक एकेक साचा उचलून त्याच क्रमानं बाजूला ठेवत होती, म्हणजे परत तसाच रचता यावा. मध्येच एक लठ्ठ बेडूक निघाला आणि न कळवता आलेल्या घरमालकाकडे बघावं तसा डॉक्टरांकडे बघत बसला.

"भाडेकरू," लेक म्हणाली. डॉक्टरांना हसू आलं आणि लगेच मावळलं.

अगदी तळाशी, भिंतीला टेकून, एक साचा निघाला. त्याच्या बुडाशी सुरीनं कोरलेलं अजून बोटाला कळत होतं. 'घरचे.' पोटच्या पोरीच्या साच्यावर नाव कशाला, म्हणून डॉक्टरांनी तेवढंच कोरलं होतं. लेकीनं साचा उलटा केला. टाळूच्या खोलगट जागेत कुंभारीण माशीनं मातीच्या खोल्या बांधल्या होत्या, आणि पुढच्या दोन दातांमधली फट मातीनं नीट लिंपून टाकली होती.

"हिनंही मिटवलीच," लेक म्हणाली.

डॉक्टर आत जाऊन दात साफ करायची बारीक सळई घेऊन आले. टोक मातीला लावलं. जरा दाबलं असतं तर सगळी माती भसकन बाहेर आली असती. तिथे त्यांचा हात थबकला.

"आत तिची पिल्लं असतील," लेक म्हणाली.

"असतील."

"आई काय म्हणाली असती?"

"राहू द्या की, म्हणाली असती." डॉक्टरांनी सळई खिशात घातली. या वेळी त्यांनी ऐकलं.

साचा होता तसा, होता तिथे ठेवला. मग रोज सकाळी डॉक्टर गुडघ्यांच्या नावानं कुरकुरत भिंतीशी बसायचे, ढिगात डोकवायचे आणि परात भरून घरात यायचे. लेकीचा फोन यायचा. "उघडलं का?" "नाही अजून." एरवी पेशंट दहा मिनिटं उशिरा आला तरी ते चिडायचे. या माशीवर त्यांना चिडता येईना. मग एकदा मातीला गोल भोकं पडलेली दिसली. आतलं कोणी तरी पंख वाळवून निघून गेलं होतं. त्यांनी लेकीला बोलावून घेतलं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून डॉक्टरांनी मऊ कुंचल्यानं मागची माती झाडली. फटीतली माती मात्र भुगा न होता अख्खी सुटून आली. नखाएवढी पाचर. तिच्या मागे दोन्ही दातांच्या कडा कालच घडवल्यासारख्या धारदार होत्या. बाकी सगळे दात झिजले होते. पाणी पोचलं नव्हतं ते तेवढ्या एका जागी. डॉक्टरांनी पाचर तळहातावर घेतली. त्यांनी मिटवलेली फट त्यांच्या हातावर येऊन बसली होती, आणि वजन म्हणावं तर काहीच नव्हतं. त्यांनी कपाटातून जुना कॅलिपर काढला आणि श्वास रोखून माप घेतलं.

"पावणेतीन मिलिमीटर," ते म्हणाले.

लेकीनं पाचर आपल्या हातावर घेतली. "आईचीही एवढीच होती?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तिनं विश्वास ठेवला असता.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांची मापं घेतली, तिचं राहिलं. मग तिचा हात आड आला. तो का आला, हेही मला ती गेल्यावर कळलं."

लेकीनं पाचर तळहातावर उलटी केली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तिला एकदा. कॉलेजात असताना."

"काय म्हणाली?"

लेकीला सांगावंसं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. "म्हणाली, तुझे बाबा दिवसभर लोकांचे वाकडे दात बघून दमून येतात. घरी तरी तेच कशाला त्यांच्या डोळ्यांपुढे."

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले. त्यांचा हात आपोआप वर येऊन तोंडावर बसला. लेकीनं पाचर अलगद वर्तमानपत्रावर ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"हात खाली घ्या, बाबा," ती म्हणाली. "बघू."