मध्यंतरानंतरचं पाणी

मैना झाल्यापासून आम्ही नवरा-बायको सिनेमा अर्धा-अर्धा पाहतो. मध्यंतरापर्यंत मी आत, स्वप्निल पोरीला घेऊन बाहेर, मग अदलाबदल. घरी जाताना गाडीवर आपापला अर्धा एकमेकांना सांगायचा.

गेल्या महिन्यात यातच माझी फजिती झाली. पहिला अर्धा पाहून मी अमरावतीच्या रागिणीला, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला, कळवलं, ‘डोळे निवतात, जाच.’ ती धामणगावच्या सासू-सासऱ्यांना घेऊन गेली. पुढच्या अर्ध्यात काय काय दाखवलंय ते मला कुठं माहीत! स्वप्निल नुसता “ठीक होता” म्हणाला होता.

रागिणीचा फोन आला. “दीपमाला, सासरे छताकडे पाहत होते अन् मी चपलांकडे. तुझं मत अर्धंच असते बाई. पुरा पाहत जाय, मंग बोलत जाय.”

कॉलेजात पोरी माझं मत विचारून तिकीट काढायच्या. ते बोलणं लागलं. म्हणून या रविवारी ठरवलं, अकोल्यात लागलेला नवा सिनेमा शेवटापर्यंत पाहायचा.

“तू जाय,” स्वप्निल म्हणाला. “मी हाओ ना.”

“रडली तर?”

“रडली तर रडन. गळा मोकळा होईन तिचा.”

धरणात बुडालेल्या गावाची गोष्ट होती. काय पाणी दाखवलं होतं! काळपट हिरवं, उन्हाची तिरीप आत शिरली की तळाशी शाळेचा फळा दिसायचा, शेवाळलेला. एका म्हातारीचा पाण्यात बुडवलेला नुसता हात कितीतरी वेळ पडद्यावर होता, अन् मला भरून आलं. फोन मात्र मांडीवर सुलटाच.

मध्यंतरात धावत बाहेर आले. मैनाच्या ओठांना मुरमुऱ्याचा चुरा.

“अहो, अकरा महिन्यांच्या पोरीले मुरमुरे? घशात अडकले असते म्हणजे?”

“भिजवून देल्ले. तू कपाळ काय पाहून राहिली तिचं? ताप नाही तिले. पाज अन् पळ.”

“मी नाही जात आता.”

“मंग रागिणीले काय सांगशीन?”

गेले.

अन् आत पाहते तर पाणी एकदम निळं, प्लास्टिकच्या बादलीसारखं. हिरो धरणाच्या भिंतीवरून उडी मारतो, वर येतो तेव्हा भांग जागच्या जागी. म्हातारी गायब, हेलिकॉप्टर हजर. शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “इतकं पाणी, अन् एक माणूस वला नाही.”

तेवढ्यात बाहेरून लेकराचं रडणं आलं. मी पर्स उचलली, अर्धी उठलेच. फोन उजळला. स्वप्निलचा मेसेज: ‘आपली नाही. बस.’

बसले. पाय हलत होते, पण बसले.

बाहेर आले तर मैना बापाच्या खांद्यावर झोपलेली, त्याच्या शर्टावर लाळेचा नकाशा.

“कसा होता?”

“अर्धा पाहण्यासारखा, अर्धा भिकार.”

“मंग इतकी हसून काहून राहिली?”

मी रागिणीला लिहिलं, ‘सासऱ्यांना घेऊन जा. मध्यंतराला उठून या.’

लगेच उत्तर, ‘खरं सांग, पुरा पाहिला?’

‘पुरा. शेवटची नावं सरेपर्यंत. दोन्ही पाण्यांचे कॅमेरावाले वेगळे आहेत, तेही वाचलं.’