चिमटीत जोखलेली दोरी

दोरीच्या कारखान्यात तिला सगळे चिमटी म्हणत. तोंडावर चिमटीबाई, पाठीमागे नुसतंच चिमटी. तिला दोन्ही चालायचं. नाव कामावरून पडलं होतं, आणि त्या कामाबद्दल तिच्यासमोर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

काम असं होतं. प्लास्टिकचे दोन जातींचे तंतू एकत्र पिळायचे, एक लवकर वितळणारा आणि एक उशिरा. कारखान्यात त्यांना धाकटा आणि थोरला म्हणत. पिळलेली जोडी हातभर लांबीच्या तापलेल्या नळीतून जायची. आत धाकट्याने वितळायचं आणि थोरल्याच्या अंगाला चिकटून बसायचं. थोरल्याने मात्र ताठ राहायचं, कारण ओझं पेलायचं ते त्यालाच. नळीबाहेर येईपर्यंत दोघांची मिळून एकच दोरी झालेली असायची, नखाने उकलू म्हटलं तरी उकलायची नाही. उष्णता कमी पडली तर दोरी पिंजायची. जास्त झाली तर थोरलाही मऊ पडायचा आणि त्याचा जोर जायचा. वाईट हे, की अशी करपलेली दोरी दिसायला जास्त देखणी असते. गुळगुळीत, चकचकीत. सरळ ओढली तर तगतेसुद्धा, पण गाठीत वाकवली की दगा देते. दोरी ताणून पाहायचं यंत्र होतं कारखान्यात, पण ते बापडं सरळ ताणायचं. गाठीतलं त्याला काय कळणार?

म्हणून चिमटी. दर अर्ध्या तासाने ती नळीच्या तोंडाशी उभी राहायची आणि धावती दोरी अंगठा न् तर्जनीत धरून मनात तीन आकडे मोजायची. एकला ऊब लागायची, दोनला चटका, आणि तीनला हात मागे घ्यावासा वाटला की उष्णता बरोबर. दोनलाच हात मागे आला तर जास्त. तीनलाही काही वाटलं नाही तर कमी, मग बटण एक खूण वर. सव्वीस वर्षं ती असंच करत आली होती.

नळीवर तापमापक होता की. पण अकरा वर्षांपूर्वी त्याचा काटा एका जागी अडकला होता, चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि चिमटीने एकटीने हट्ट धरून आख्खा माल थांबवला होता. नंतर तपासलं तर बाई खरी आणि काटा खोटा. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. तेव्हापासून तो काटा शोभेचा झाला, आणि तिच्या नाकावर माशी बसेनाशी झाली.

तर गेल्या दोन महिन्यांत हा काटा वर चढायला लागला होता. नव्या फिटरने तिला ते दोनदा सांगितलं. सभ्य माणूस होता, खालच्या आवाजात बोलायचा.

"बाई, काटा पंधरा अंश वर आहे."

"काट्याला म्हणावं, खाली ये."

"मी परवाच बदललाय तो. नवा आहे."

"नवा आहे म्हणूनच थापा मारतोय. जुना झाला की शहाणा होईल."

आजूबाजूचे हसले. फिटरही कसानुसा हसला आणि सुपरवायझरकडे गेला. सुपरवायझरने त्यालाच दोन शब्द सुनावले. बाईंचा हात असताना काट्याचं काय घेऊन बसलास, म्हणाला. चिमटीने ते ऐकलं आणि तिला बरं वाटलं. का वाटू नये? एवढ्या वर्षांत तिने मिळवलं होतं ते एवढंच.

तिचा थोरला भाऊ पुलांच्या पोटाला रंग देणाऱ्या टोळीत होता. पुलाखाली फळ्या टांगायच्या, त्यावर बसून गंज खरवडायचा न् रंग मारायचा, आणि फळीच्या खाली जाळं बांधलेलं. ते जाळं विणायची त्याची बायको, चिमटीची वहिनी. कारखान्यातून रिळं घरी न्यायची आणि भिंतीतल्या दोन खिळ्यांमध्ये जाळं टाकून दिवसभर गाठी मारायची. दादा म्हणायचा, "वर मी, माझ्या खाली बायको, तिच्या खाली बहीण. बायांनी मला असं धरून ठेवलंय की पडायचीसुद्धा सोय नाही." हा विनोद त्याने हजारदा केला असेल. दोघी हजारदा हसल्या होत्या.

मागच्या सुट्टीला ती त्यांच्याकडे गेली तेव्हा वहिनी विणायलाच बसली होती. जाळ्याने अर्धी खोली व्यापली होती. वहिनीने एक गाठ ओढली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "वन्सं, या वेळची दोरी जरा वेगळी लागतेय हाताला. गाठ मारली की वाकते तिथे पांढरी पडते."

"पांढरी?"

"बारीकशी रेघ उठते. बघा ना."

चिमटीने बघितलं नाही. वहिनी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, स्वभावाने गरीब गाय. अशा माणसाने आपल्या दोरीला नाव ठेवावं हे तिच्या फारच जिव्हारी लागलं. "सव्वीस वर्षं झाली वहिनी, माझी दोरी कधी परत आली नाही," ती म्हणाली. "गाठ ओली करून मारत जा. हात कोरडे पडलेत तुमचे."

वहिनीने मान खाली घालून पुढची गाठ मारली. दादाने विषय बदलला. ते जाळं चार दिवसांनी पुलावर गेलं.

ते गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, चिमटी नळीपाशी उभी राहून पिळाच्या यंत्रावरच्या बाईशी बोलत होती. बोलता बोलता तिला वास आला. केस जळल्यासारखा. तिने आधी नळीच्या आत वाकून पाहिलं, मग रिळाकडे पाहिलं, मग खालच्या पट्ट्याकडे. "काहीतरी जळतंय गं," ती म्हणाली.

समोरची बाई किंचाळली. "अहो, हात! तुमचा हात!"

चिमटीचा उजवा हात बोटांच्या टोकांनी नळीच्या तोंडावर टेकलेला होता. सहज टेकतो तसा. तिने तो उचलला. तर्जनीच्या पेरावरची कातडी तिथेच चिकटून राहिली.

कुणी पाणी आणायला धावलं, कुणी मलम शोधायला. ती मात्र जागची हलली नाही. तिने अंगठा आणि ते पोळलेलं बोट एकत्र आणलं आणि धावती दोरी धरली. एक. दोन. तीन. चार, पाच, सहा. बाईने तिचा हात ओढून काढला. तेव्हा चिमटीने दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या काट्याकडे नीट पाहिलं.

ती मूर्ख नव्हती. सगळं एका दमात तिच्या ध्यानात आलं. बोटं आतून मरत चालली होती. तीनला काही वाटत नव्हतं म्हणून ती बटण वर नेत होती, आणि दर वेळी बोटं आणखी थोडी मेलेली असत. तिने चालू रिळावरची दोन हात दोरी कापली, गाठ मारली, एक टोक पायाखाली धरलं आणि हिसका दिला. दोरी गाठीत तुटली. दुसरी मारली. तीही तुटली. तुटलेल्या तोंडाशी पांढरी रेघ होती.

दादा या क्षणी त्या जाळ्यावर होता.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, तिच्या मनात एक दुसराच विचार येऊन गेला. संध्याकाळपर्यंत दादा खाली येईल. रात्रीतून काहीतरी निमित्त काढून ते जाळं बदलता येईल. कुणाला कळायची गरज नाही. हा विचार तिच्या मनात फार वेळ टिकला नाही, एखादा मिनिट असेल, पण तो एक मिनिट तिने स्वतःला पुढे कधीच माफ केला नाही.

ती सुपरवायझरच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "नळी बंद करा. दोन महिन्यांचा माझा सगळा माल परत मागवा. माझ्या हाताला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"काहीच."

सुपरवायझर तिच्या बोटाकडे पाहतच राहिला. मग त्याने फोन उचलला आणि एकेका जाळेवाल्याला लावायला सुरुवात केली. पुलावर मात्र फोन कुणी उचलेना, कारण तिथे कामावर चढताना सगळ्यांचे फोन खाली पेटीत ठेवून घेत. फिटरने न विचारता टेम्पोची किल्ली घेतली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

पुलाचा मुकादम रांगडा गडी होता. "बाई, चाळीस फुटांवर सहा माणसं आहेत. उगाच कुणी सांगितलं म्हणून मी काम थांबवत नाही. झालंय काय?"

तिने वर पाहिलं. दादा फळीवर पाय सोडून बसला होता, हातात ब्रश, आणि त्याच्या खाली उन्हात ते जाळं चकाकत होतं. फार देखणं दिसत होतं.

"ती दोरी मी पास केलीय," ती म्हणाली, आणि वरच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "ती करपलेली आहे. माझी चूक आहे. माणसं खाली घ्या."

दादाला वरून वाटलं ही थट्टाच. "अगं वेडे, जेवायचा डबा आणलायस का?" तो ओरडला. मग त्याला तिचा चेहरा दिसला असावा. तो आधी उतरला आणि त्याच्यामागून बाकीचे.

मुकादमाने वाळूचं पोतं वर चढवलं आणि फळीवरून सोडून दिलं. जाळं खाली ओढलं गेलं, लोंबलं, आणि तगलं. पोतं मधोमध झुलत राहिलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हसलं.

"झालं समाधान?" मुकादम म्हणाला.

दादाचा चेहरा लाल झाला होता. "तुझ्या वहिनीने रात्रीचा दिवस करून विणलंय ते," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चार माणसांत काय शोभा केलीस तिची!"

चिमटीला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पोतं तगलं, सगळ्यांनी पाहिलं. तिचं नाव पुन्हा तिच्या हातात येऊन पडलं होतं, फक्त मूठ मिटायची होती.

"पुन्हा टाका," ती म्हणाली.

"अहो बाई..."

"ओझं सगळ्या गाठींवर वाटलं गेलं, म्हणून या वेळी त्या नुसत्या पांढऱ्या पडल्या असतील. पुन्हा टाका. तुमच्या पाया पडते."

मुकादम चिडून स्वतःच वर चढला. त्याने पोतं ओढून घेतलं आणि पुन्हा सोडलं. या वेळी जाळं लोंबलं नाही. एक गाठ तुटली, मग शेजारची, मग ओळीने सगळ्या. फारसा आवाजही झाला नाही. पोतं आरपार गेलं आणि खाली दगडांवर फुटलं.

दादा त्या फुटलेल्या पोत्याजवळ गेला, तिथली वाळू पायाने जराशी सारली आणि खाली बसला. चिमटी त्याच्याजवळ गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

संध्याकाळी त्याच्या घरी मात्र तिला जावंच लागलं. दादा आतल्या खोलीत पडून होता. वहिनी बाहेरच्या खोलीत बसली होती आणि भिंतीतल्या दोन खिळ्यांमध्ये आज काही नव्हतं. दादाने तिला सगळं सांगितलेलं होतं. चिमटी तिच्यासमोर बसली आणि तिने जे ठरवून आणलं होतं ते बोलली, की चूक माझी, शिव्या द्या, दार बंद करा, मी काही म्हणणार नाही.

वहिनीने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला कळलं होतं, वन्सं."

"काय कळलं होतं?"

"दोरी बरी नाही ते. तुम्ही गेल्यावर मी दोन गाठी तोडून पाहिल्या होत्या. सहज तुटल्या." वहिनीचा आवाज अगदी साधा होता, दळणाबद्दल बोलावं तसा. "म्हटलं, माझंच चुकत असेल. तुमचा हात आहे तो. तुमच्या हातापुढे मी कोण? म्हणून बाकीच्या गाठी मारल्या. आणि यांना तसंच पाठवलं."

ती रडली नाही. चिमटीलाच रडू फुटलं, आणि ते आवरेना. सव्वीस वर्षं मिळवलेल्या नावाने आज काय केलं असतं ते तिला पुलाखाली कळलं नव्हतं, ते इथे कळलं. फिटर गप्प बसला, सुपरवायझरने काट्याकडे डोळेझाक केली, आणि ही बाई, आपल्या हाताने नवऱ्याखाली तकलादू जाळं विणत, गप्प बसली. त्या सगळ्यांना गप्प कुणी बसवलं होतं?

वहिनी उठून आत गेली, मलम आणि धुतलेल्या कापडाची पट्टी घेऊन आली. तिने चिमटीचा हात आपल्या मांडीवर घेतला, कारखान्यातली घाईने बांधलेली पट्टी सोडली आणि उघड्या मांसावर मलम लावायला लागली. हळूहळू, फुंकर घालत.

"दुखतंय का, वन्सं?"

चिमटीने बोटाकडे पाहिलं. आजवर असं कुणी विचारलं की ती छे म्हणायची, काही नाही म्हणायची, एवढ्याने काय होतंय म्हणायची.

"मला कळत नाही, वहिनी," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."