काळा पुठ्ठा

“आई, सही कर आणि मोकळी हो.” कोरिनने अर्ज माझ्यापुढे सरकवला. “सोमवारी शुश्रूषागृहात जागा रिकामी होतेय. बाबांना आता सगळीकडे सारखंच. तू आलीस काय नि गेलीस काय, त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.”

खिडकीबाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आमच्या टोकाला भर दुपारीच दिवस विरघळायला लागतो. बावीस वर्षं ट्राम चालवलेला माझा नवरा लेस्टर खुर्चीत बसला होता. कंपवाताने आधी त्याचं बोलणं नेलं आणि आठ महिन्यांपूर्वी चेहराही. त्यावर काही उमटेनासंच झालं.

आणि चेहरे वाचणं हीच माझी नोकरी. एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत आवाज बंद करून माणसांच्या चित्रफिती बघितल्या. खरं हसू डोळ्यांच्या कडांपर्यंत जातं, खोटं ओठांवरच राहतं, अशा नोंदी केल्या. आमचा नियम कडक होता. पडद्यावर मानेखाली काळा पुठ्ठा लावायचा, म्हणजे हातपाय बघून अंदाज बांधायचा मोह होत नाही.

घरीही माझं तेच चाललं होतं. सूप घेऊन खोलीत शिरायचं, लेस्टरच्या डोळ्यांच्या कडा बघायच्या आणि मनात नोंदवायचं, काही नाही. त्याचं माझ्यावरचं प्रेम संपलं असंच मी धरून चालले होते. हे कोणाला सांगायचीही लाज वाटायची.

“खोटं वाटत असेल तर बघ.” कोरिनने काल खोलीच्या कोपऱ्यात फोन ठेवून केलेलं चित्रण टीव्हीवर लावलं.

मी सवयीने कपाटात जपून ठेवलेला प्रयोगशाळेतला पुठ्ठा काढून पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर धरला.

“अगं, घरी तरी नको ते!” तिने तो ओढून घेतला.

पडद्यावर रोज घरी येणारी नर्स आली. लेस्टर जसाच्या तसा. कोरिन आली, तरी तसाच. मग सूप घेऊन मी आले आणि गालिच्यावर त्याच्या उजव्या पायाचा चवडा दोनदा दाबला गेला.

“थरथर आहे गं ती. आजारातली.”

“थरथर मोजून दोनदाच होत नाही. मागे घे.”

तिने तीनदा मागे घेतलं. तीनही वेळा मला डोळ्यांसमोर जुनी संध्याकाळ दिसत होती. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यावर मी उभी दिसले की लेस्टर ट्राममधली पायाने दाबायची घंटा दोनदा वाजवायचा. साहेबांनी समज दिली तरी वाजवायचा.

“म्हणजे इतके दिवस बाबा...” कोरिनने चित्रण थांबवलं.

“आठ महिने वाजवतोय तो,” मी म्हटलं. “मीच भलतीकडे बघत होते.”

मला रडू आवरेना. अर्जाची घडी करून मी तिच्या पर्समध्ये ठेवली.

“आई, तुला एकटीला झेपेल का?”

“नाही झेपलं तर सांगेन. आज नाही.”

मी बाहेर पायरीवर गेले. दार लोटून घेतलं, धुक्यात जरा वेळ उभी राहिले आणि पुन्हा आत शिरले. या वेळी चेहऱ्याकडे बघितलं नाही.

गालिच्यावर त्याचा मोजा एकदा दबला. दुसऱ्यांदा दबायला बराच वेळ लागला. तोवर मी दारातच थांबले.