ड्यूकचा बहाणा

सॅक्सनीचा ड्यूक हेन्री मला कधीच आवडला नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तो मला इतिहासाच्या अभ्यासाला होता. क्लेमेन्शियासोबत त्यानं चौदा-पंधरा वर्षं संसार केला, आणि मग दोघं जवळच्या नात्यातले आहेत असं कारण काढून लग्न रद्द करून घेतलं. पुढे इंग्लंडच्या राजाची लेक केली. "इतकी वर्षं नातं दिसलं नाई काय याले?" असं मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात अब्बांनी चुलतभाऊ वाजिदशी माझं लग्न ठरवायला घेतलं. मला बी.एड. करायचं होतं. ज्या दिवशी वाजिदचे वडील चिमूरला आमच्या घरी आले, त्या दिवशी अब्बांच्या बहिणीनं, सुलताना फुफीनं, मला मागच्या अंगणात ओढलं.

"नाहीद, मी सांगून देईन का तुम्हा दोघांलेबी लहानपणी मीच दूध पाजलं. दूधभाऊ-बहिणीचं लग्न होत नाई. बात खतम."

"खरंच पाजलं होतं?"

"नाई. पण आता कोन पाह्यले गेलं?"

मला हेन्रीच आठवला. मी सरळ बैठकीत गेले. अब्बा शिलाई मशीनवर होते, चाचा चहा पीत होते.

"अब्बा, वाजिद चांगला आहे. पण मले हे लग्न करायचं नाई."

मशीन थांबली. "काऊन? कारण काय?"

दारामागून फुफी म्हणाली, "अरे भाऊ, ते दुधाचं..."

मी तिला हातानंच थांबवलं.

"कारण सांगितलं ना, अब्बा. मले करायचं नाई."